मनोधर्म आणि मेंदू

तमिळनाडूतील तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे बारा-तेरा किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु नावाचे गाव आहे. तमिळ भाषेत ‘तिरु’ म्हणजे श्री किंवा पवित्र आणि ‘ऐयारु’ म्हणजे पाच नद्या. या पंचनदांच्या गावी दरवर्षी पौष वद्य पंचमीला संत त्यागराजांची आराधना होते. इ. स. १७६७ मध्ये तिरुवारूर येथे जन्मलेल्या त्यागराजांनी आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ तिरुवैयारु येथे घालवला आणि १८४७ मध्ये त्यांनी येथेच देह ठेवला.

आराधनेच्या सकाळी शेकडो गायक-वादक समाधीजवळच्या मांडवात जमिनीवर रांगा करून बसतात. कोणी नामवंत, कोणी नुकतेच शिकू लागलेले. त्यागराजांच्या ‘पंचरत्न’ नावाने प्रसिद्ध असलेल्या पाच कृती सर्वजण एकसुरात गातात. पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर असतो तसा हातवारे करणारा संचालक येथे उभा नसतो. प्रत्येकाचा हात आपल्याच मांडीवर ताल धरतो आणि शेकडो कंठ एकाच क्षणी समेवर येतात.

हे दृश्य पाहताना दोन प्रश्न मनात येतात. इतक्या माणसांना इतके दीर्घ गायन मुखोद्गत कसे होते? आणि ज्याने ते प्रथम रचले, त्याच्या मनात ते उमटले कसे? पहिला प्रश्न स्मरणाचा आहे, तर दुसरा नवनिर्मितीचा. हे दोन प्रश्न एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना याविषयी काय आढळले आहे, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

तंजावर आणि मराठी माणूस

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे राज्य मिळवले आणि पुढे १८५५ पर्यंत भोसले घराणे तेथे गादीवर होते. त्यागराजांचे सारे आयुष्य याच घराण्याच्या काळात गेले. त्यांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हे तंजावरच्या दरबाराशी संबंधित गायक होते. स्वतः त्यागराजांनी मात्र दरबारात गाण्याचे निमंत्रण नाकारले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते.

भोसले राजांपैकी पहिले तुळजाजी यांनी ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दुसरे सरफोजी यांनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. या ग्रंथालयात संगीतावरील ग्रंथ आहेत, तसेच वैद्यकावरीलही आहेत. एका राजाच्या जिज्ञासेने गाणे आणि शरीर हे दोन्ही विषय एका छपराखाली आणले. आपल्या पाठाचा विषयही असाच या दोन कपाटांच्या मधला आहे.

कल्पित आणि मनोधर्म

कर्नाटक संगीतात गाण्याचे दोन प्रकार मानतात. जे आधी रचलेले असून जसेच्या तसे गायचे असते, ते ‘कल्पित संगीत’. त्यागराजांच्या कृती या प्रकारात येतात. जे गायक त्याच क्षणी आपल्या मनाने रचतो, ते ‘मनोधर्म संगीत’. रागाचा आलाप, कृतीतील एखादी ओळ निरनिराळ्या स्वरसमूहांत फुलवण्याचा ‘निरवल’ आणि तालाच्या चौकटीत सरगम रचण्याचा ‘कल्पनास्वर’ हे मनोधर्माचे प्रकार आहेत. हिंदुस्थानी संगीतातील बंदिश आणि तिची बढत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा भेद सहज कळेल.

तथापि हा भेद केवळ मैफलीतच असतो असे नाही. पहाटे जात्यावर बसणारी बाई ठरलेल्या चालीवर आपली स्वतःची ओवी जोडत असे. हाताने जाते फिरत असे, त्या फेऱ्यांची लय धरून शब्द येत असत आणि कालच्या ओवीत आज नवी ओळ मिसळत असे. महाराष्ट्राच्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या रचणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते. चाल कल्पित आणि ओवी मनोधर्माची, असे त्यांच्या गाण्याचे वर्णन करता येईल.

कानापासून मेंदूपर्यंत

गाणे प्रथम हवेतील कंपनांच्या रूपाने आपल्यापर्यंत येते. ही कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात, तेथून तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतल्या शंखाकृती भागात पोहोचतात. तेथे सूक्ष्म केसांसारखे टोक असलेल्या पेशी असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच स्वरांना आणि आतल्या टोकाकडील पेशी खालच्या स्वरांना प्रतिसाद देतात. या पेशी कंपनांचे रूपांतर विद्युतसंदेशांत करतात आणि हे संदेश चेतातंतूंवाटे मेंदूतील श्रवणकेंद्राकडे जातात.

येथपर्यंत तो केवळ ध्वनी असतो. त्याचे गाणे होते ते पुढे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांच्या असंख्य जोडण्यांमधून संदेश फिरतात. आता ऐकलेला स्वर मागच्या स्वराशी ताडून पाहणे हे स्मरणाशी निगडित भागांचे काम, तर सुखदुःखाची छटा देणे हे भावनांशी निगडित भागांचे काम. तालाविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्वस्थ बसून ठेका ऐकत असतानाही मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारे भाग कार्यरत होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. भजनात आपला हात नकळत मांडीवर पडतो, त्याचे मूळ येथे असावे.

एक छोटा प्रयोग तुम्हीही करून पाहा. ओठ मिटून घ्या आणि तुमच्या आवडीच्या गाण्याची एक ओळ मनातल्या मनात म्हणा. आवाज नसतानाही ती तुम्हाला ‘ऐकू’ येईल. अशा मनातल्या गाण्याच्या वेळीही श्रवणाशी संबंधित असलेले मेंदूचे काही भाग जागृत होतात, असे संशोधनात दिसून आले आहे. रचनाकार जे प्रथम मनात ऐकतो, त्याला शरीरात असा आधार आहे.

नवे सुचताना काय घडते?

एखादी व्यक्ती गाणे रचत असताना तिच्या मेंदूत डोकावणे पूर्वी शक्य नव्हते. आता एमआरआय यंत्राच्या एका विशेष पद्धतीने ते काही अंशी शक्य झाले आहे. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, त्याच्याकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. हा बदल यंत्र टिपते आणि त्यावरून कोणता भाग कार्यरत आहे याचा अंदाज करता येतो.

अमेरिकेतील चार्ल्स लिम आणि ॲलन ब्रॉन या संशोधकांनी २००८ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाझ हा पाश्चात्त्य संगीतप्रकार वाजवणाऱ्या सहा निष्णात पियानोवादकांना त्यांनी यंत्रात निजवले आणि मांडीवर ३५ पट्ट्यांची एक लहान पेटी दिली. यंत्रातील प्रचंड चुंबकामुळे तिच्यात लोखंडी भाग वापरता येत नव्हता. वादकांनी आधी पाठ केलेली धून वाजवली आणि नंतर मनाने नवी रचना केली. आपल्या शब्दांत सांगायचे तर, आधी कल्पित आणि मग मनोधर्म.

नवे रचताना मेंदूच्या अग्रभागातील बाजूचा काही प्रदेश शांत झालेला दिसला. आपल्या कृतीवर जाणीवपूर्वक लक्ष ठेवणे, ती तपासणे, तिचे नियोजन करणे या कामांशी हा प्रदेश जोडला जातो. त्याच वेळी अग्रभागातील मधला एक प्रदेश अधिक जागृत झाला. स्वतःविषयीचे विचार आणि आत्माविष्कार यांच्याशी त्याचा संबंध मानतात. जणू आतला परीक्षक बाजूला सरला आणि आतला निवेदक बोलू लागला.

असा निष्कर्ष मोहक असला, तरी तो जपून स्वीकारला पाहिजे. या प्रयोगात केवळ सहा माणसे होती, ती एकाच परंपरेतील होती आणि यंत्रात निजून वाजवणे म्हणजे श्रोत्यांसमोरची मैफल नव्हे. नंतरच्या निरनिराळ्या प्रयोगांत सर्वत्र हेच चित्र दिसले असेही नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये ३९ पियानोवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी मनाने वाजवण्याचा अधिक सराव केला होता, त्यांच्या मेंदूतील जाणीवपूर्वक नियंत्रणाशी निगडित काही भागांना कमी श्रम पडत होते आणि हालचालींचे नियोजन करणाऱ्या भागांमधील परस्परसंपर्क मात्र अधिक होता. म्हणजेच आतला परीक्षक आपोआप बाजूला सरत नाही. सरावाने त्याचे ओझे उतरते.

साधनेचे कारण

कर्नाटक संगीताचा विद्यार्थी प्रथम सरळ स्वरांचे अलंकार शिकतो. एकच स्वरावली पहिल्या लयीत, मग दुपटीत, मग चौपटीत, हाताने ताल धरून, महिनोन्‌महिने गायची असते. नवख्याला हे कंटाळवाणे वाटते. ज्याला काही नवे करायचे आहे, त्याने एवढी घोकंपट्टी का करावी, असा प्रश्न तो विचारतो.

मेंदूविज्ञान या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. आपण एका वेळी जाणीवपूर्वक फार थोड्या गोष्टी मनात धरू शकतो. सायकल शिकताना तोल, पायटा आणि रस्ता या तिन्हींचा विचार करावा लागतो. तोपर्यंत शेजारच्याशी बोलणे शक्य नसते. सरावाने तोल सांभाळण्याचे काम मेंदूच्या ज्या भागांकडे जाते, ते जाणिवेची फारशी वाट पाहत नाहीत. अनुमस्तिष्क हा त्यांपैकी एक. मग मन मोकळे होते. गायकाचेही असेच आहे. स्वरस्थान शोधण्यात आणि ताल मोजण्यात ज्याचे मन गुंतले आहे, त्याला नवे सुचणार कसे? ताल हाताने सांभाळला आणि स्वर गळ्याने सांभाळला, की मन कल्पनेला मिळते. कल्पित संगीत म्हणजे मनोधर्माची बेडी नव्हे. त्याचीच जमीन आहे.

सरावाने मेंदूत प्रत्यक्ष बदल होतात, याचीही साक्ष मिळाली आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताची बोटे मेंदूतील स्पर्शाच्या नकाशावर इतरांच्या मानाने अधिक मोठी जागा व्यापत असल्याचे आढळले. तारा दाबण्याचे बारीक काम याच बोटांना करावे लागते.

अपेक्षा आणि आनंद

त्यागराजांच्या रचनेचे एक वैशिष्ट्य म्हणजे ‘संगती’. गाण्याची एकच ओळ प्रथम साधी येते. पुन्हा येताना तिच्यात थोडा बदल होतो, तिसऱ्यांदा आणखी, आणि अशी ती पायरीपायरीने विस्तारत जाते. श्रोत्याला ओळ ठाऊक झालेली असते, म्हणून पुढे काय येणार याची तो अटकळ बांधतो. ती अटकळ काही अंशी खरी ठरते आणि काही अंशी गोड रीतीने चुकते.

मेंदू सतत अशा अटकळी बांधत असतो. कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की अत्यंत आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन हे रसायन स्रवते. भूक भागल्यावर होणाऱ्या समाधानातही याच रसायनाचा वाटा असतो. विशेष म्हणजे आनंदाच्या उत्कट क्षणापूर्वी, केवळ तो क्षण येणार या अपेक्षेनेच, मेंदूच्या एका भागात ते वाढते आणि प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात वाढते. वाट पाहणे हाही आनंदाचाच भाग आहे. हे रसायन त्यागराजांना ठाऊक नव्हते, पण श्रोत्याची अपेक्षा त्यांना पुरती ठाऊक होती.

दोन गैरसमज

या विषयाभोवती काही गैरसमज पसरले आहेत. मेंदूचा डावा भाग हिशेबी आणि उजवा भाग कलावंत, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः संगीताच्या कामात दोन्ही गोलार्ध भाग घेतात. भाषा आणि संगीत यांचे मार्ग मात्र काही ठिकाणी एकत्र येतात व काही ठिकाणी वेगळे होतात. सोव्हिएत रशियातील संगीतकार विस्सारिओन शेबालिन यांना १९५९ मध्ये दुसऱ्यांदा पक्षाघाताचा झटका आला. बोलणे आणि बोललेले समजणे त्यांना अवघड झाले. तरीही ते संगीत रचत राहिले आणि १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. मेंदूतज्ज्ञ अलेक्सांद्र लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये या उदाहरणाची नोंद प्रसिद्ध केली. शब्दांनी साथ सोडली, पण स्वरांनी सोडली नाही.

दुसरा गैरसमज असा, की अभिजात संगीत नुसते ऐकल्याने बुद्धी वाढते. १९९३ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टचे संगीत ऐकवल्यावर आकृतिविषयक एका चाचणीत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता. पुढील अभ्यासांत त्याचे श्रेय प्रसन्न व तरतरीत मनःस्थितीला देण्यात आले. परंतु तोवर बाळांना ऐकवण्याच्या ध्वनिफिती बाजारात आल्या होत्या. ऐकणे आनंदाचे आहे. मेंदूत टिकाऊ बदल घडतो तो मात्र करण्याने, आणि पुन्हापुन्हा करण्याने.

शिकण्याचे दार

येथे एक गोष्ट विसरता येणार नाही. मेंदूला शिकता येते, पण शिकण्याचे दार समाज उघडतो किंवा बंद करतो. तिरुवैयारुलाच याचे उदाहरण आहे. बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) या देवदासी परंपरेतील विख्यात गायिका होत्या. त्यागराजांची समाधी दुर्लक्षित अवस्थेत आहे असे कळल्यावर त्यांनी स्वतःच्या कमाईतून तेथे मंदिर उभारले. मात्र त्या काळी आराधनेत स्त्रियांना गाऊ दिले जात नसे. ज्या बाईने मंदिर बांधले, तिलाच तेथे गाण्याची मनाई होती. नागरत्नम्मांनी १९२७ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास निरनिराळे गट एकत्र आले आणि स्त्री-पुरुष एकाच उत्सवात गाऊ लागले. आज त्यागराजांच्या समाधीसमोर नागरत्नम्मांचे स्मारक आहे.

ज्यांचे शिक्षण काही कारणाने मध्येच थांबले, त्यांच्या मनात आणखी एक दार बंद असते. ‘आता वय झाले’ हे ते दार. याविषयी विज्ञान काय सांगते, ते प्रामाणिकपणे पाहू. सातव्या वर्षापूर्वी संगीत शिकू लागलेल्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलाचा पुढील भाग अधिक मोठा असतो, असे १९९५ मध्ये दिसून आले. म्हणजे लवकर सुरुवात करण्याचा लाभ खरा आहे. परंतु २००४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्रौढ व्यक्तींना तीन चेंडू हवेत झेलण्याचा खेळ शिकवला. तीन महिन्यांच्या सरावानंतर, हलत्या वस्तू पाहण्याशी संबंधित असलेले त्यांच्या मेंदूचे भाग वाढलेले दिसले. सराव थांबवल्यावर पुढील तीन महिन्यांत ही वाढ बरीचशी ओसरली. यातून दोन बोध मिळतात. प्रौढ मेंदूही बदलतो. आणि जे कमावले, ते राखण्यासाठी सराव चालू ठेवावा लागतो.

विज्ञानाची सीमा

गाणे सुचताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे यंत्र सांगू शकते. तेच गाणे का सुचले आणि दुसरे का नाही, हे ते सांगत नाही. त्यागराजांच्या सुमारे सातशे रचना आज उपलब्ध आहेत. त्या प्रथम शिष्यांच्या कंठात राहिल्या. वालाजापेट वेंकटरमण भागवतर यांच्यासारख्या शिष्यांनी त्या लिहून ठेवल्या आणि शिष्यांच्या शिष्यांनी त्या पुढे नेल्या. त्यांतील भक्ती, गावाचा परिसर, तेलुगू भाषेची गोडी, गुरूची शिकवण आणि ऐकणारा समाज, हे सारे मिळून ते संगीत झाले. मेंदू हे या साऱ्याच्या भेटीचे ठिकाण आहे. केवळ ठिकाणाचा नकाशा पाहून भेटीत काय बोलणे झाले, हे कळत नाही.

म्हणून मेंदूविज्ञानाने संगीताचे गूढ संपते असे नाही. त्याने आपला एक गैरसमज मात्र दूर होतो. निर्मिती ही निवडक भाग्यवंतांना आकाशातून मिळणारी देणगी आहे, असे आपण समजतो. प्रतिभेत अधिक-उणे असतेच. तरीही पाठांतर, सराव आणि धीर यांनी तयार झालेल्या मनातच नवे रुजते. तिरुवैयारुच्या मांडवात बसलेला नवशिका गायक त्या सकाळी काहीही नवे रचत नसतो. तो दुसऱ्याने रचलेले, शेकडो जणांच्या सुरात सूर मिसळून, चुकत-सावरत म्हणत असतो. त्याच्या मनोधर्माची तयारी मात्र तेथेच चाललेली असते.